तेरच्या रस्त्यावरची यॉट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या चित्रकलेच्या सरांचं नाव सांगतो. आईवडिलांनी वाढवलं, ते आहेच. पण तेरणेच्या काठानं मेंढरांमागं फिरणाऱ्या पोराच्या हातात पट्टी आणि पेन्सिल आली ती सरांमुळं. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य खोडून टाकावंसं मला अनेकदा वाटलं. खोडता येत नाही, कारण ते खरं आहे. आणि खरं आहे म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागलं.

सर आमच्या तेरच्या शाळेत होते. रोज धाराशिवहून बसनं यायचे. सातवीत असताना मी वहीच्या मागच्या पानावर आमची वाघूर काढली होती. वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. सरांनी वही उचलली.

"आणि मेंढरं कुठायत?"

"चरायला गेलीत."

वर्ग हसला. सर म्हणाले, "काढता येत नाहीत म्हण की."

"येतात सर. पण मला आतली जागा काढायला आवडती."

सर हसले नाहीत. त्यांनी ते पान फिरवून फिरवून पाहिलं. आई कुठं झोपते, चूल कुठं, कुत्रं कुठं, हे सगळं त्यांनी मला विचारलं आणि मी बोट ठेवून दाखवलं. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते मला थांबवून घ्यायला लागले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांच्या दिवशी ते बस सोडून मोटरसायकलवर आले आणि मला मागं बसवून केंद्रावर घेऊन गेले. मी आत पेपर सोडवत असताना ते बाहेर लिंबाखाली बसून होते.

दहावीनंतर ते रानात आमच्या वाघुरीपाशी आले. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी सरांसाठी घोंगडी झटकून अंथरली.

"पोरगं धाराशिवला माझ्या घरी राहू द्या," सर म्हणाले. "शिकंल."

"शिकून काय करंल, सर?"

"लोकांची घरं काढंल. आतून कशी असावीत, ते सांगंल."

दादांनी वाघुरीकडं पाहिलं. "आमाला सोताला घर न्हाय, आन हा लोकाला घरं सांगणार व्हय?" मग स्वतःच मोठ्यानं हसले. "न्या. पर मारू नका. मेंढरानं बी कधी त्याला शिंग लावलं न्हाय."

सरांनी मला कधी मारलं नाही. अकरावी-बारावी मी त्यांच्या घरी राहिलो. काकू माझं ताट त्यांच्या मुलाच्या ताटाशेजारी वाढायच्या. तो माझ्याहून वर्षभरानं मोठा, त्याला मी भैया म्हणायचो. एकाच टेबलावर आम्ही अभ्यास केला. पुढं पुण्याला अंतर्गत सजावटीच्या पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहात सोडायलाही सरच आले. आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नव्हतं.

सरांच्या घरी गुरुपौर्णिमेची एक रीत होती. त्यांचे जुने विद्यार्थी हार-पेढे आणत नसत. वर्षभरात केलेलं सगळ्यात चांगलं काम आणायचे. कुणी बोर्ड रंगवायचा, कुणी गणपती करायचा, एकजण लग्नपत्रिका बनवायचा. सर ओसरीवर बसून एकेकाचं काम पाहायचे, चुका सांगायचे आणि शेवटी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. ठिपका मिळेपर्यंत ते काम झालं असं आम्हाला वाटायचं नाही. नोकरीला लागल्यावरही मी एक गुरुपौर्णिमा चुकवली नाही.

नोकरी लागली ती कोकणातल्या एका खाडीकाठच्या यार्डात. तिथं बोटी बांधतात. मासेमारीच्या नव्हे, हौसेच्या. गावाकडं ह्याची फार चेष्टा झाली. "समुद्र बघितलाय का तुझ्या खानदानात कुणी?" एक चुलते विचारायचे. "हितं तेरणेत ढोपराएवढं पाणी नसतंय, आन हे बोटी काढतंय." मी हसायचो. पण खरं सांगायचं तर बोट मला कधी परकी वाटली नाही. आमचा संसार घोड्याच्या पाठीवर चालायचा. कोणतं भांडं कोणत्या भांड्यात बसवलं म्हणजे चालताना वाजणार नाही, पिठाचं गाठोडं कुठं बांधलं म्हणजे कलंडणार नाही, हे आईला पाठ होतं. चालत्या घरात माणसानं कसं राहावं, ते मी चालत्या घरातच शिकलो होतो.

यार्डात काही वर्षं लहानसहान कामं केल्यावर एका मोठ्या यॉटचं आतलं सगळं काम माझ्याकडं आलं. यॉट करून घेणारे एक शेठ होते. त्यांना हल्लीच्या पांढऱ्या, टोकदार, गुळगुळीत बोटी अजिबात आवडत नसत. "पाण्यावर इस्त्री फिरतेय असं वाटतं," ते म्हणायचे. त्यांना जुन्या काळची वाटावी अशी बोट हवी होती. पुढचं टोक सरळ उभं, मागची बाजू पेल्यासारखी गोल, कमरेपर्यंत गडद निळा रंग, वर सागवानी लाकडाचं घर, त्यावर सायीच्या रंगाचं बुटकं धुरांडं आणि मागच्या डेकवर लांबलचक कापडी छत. पाण्याखाली मात्र सगळं आजचं होतं. दोन इंजिनं, आणि बोट डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना माशासारखे पर. बाहेरून बोट आजोबांची, आतून नातवाची, असं आमचे साहेब म्हणायचे. साहेब म्हणजे यार्डाचे मालक.

त्या बोटीचं आतलं काम करताना मला जे सुख मिळालं, ते पुन्हा मिळेल की नाही मला माहीत नाही. बैठकीच्या खोलीत वरून उजेड यावा म्हणून छतात काचेच्या झडपा ठेवल्या. पाण्यावरचं ऊन भिंतीवरून आडवं येतं आणि डोळ्यांत जातं, म्हणून बाजूच्या खिडक्या लहान आणि गोल, पितळेच्या कड्यांच्या. भिंतींना महोगनी, पण छत पांढरं, नाहीतर आत बसलेला माणूस पेटीत बसल्यासारखा होतो. शेठची झोपायची खोली बोटीच्या बरोबर मध्यावर घेतली, कारण तिथं हेलकावा सगळ्यात कमी लागतो. पलंग बोटीच्या लांबीत, म्हणजे बोट डोलली तरी डोकं आणि पाय वरखाली होत नाहीत. इंजिनाच्या बाजूची भिंत पदर पदर करून भरली. शेठनी तिला कान लावून पाहिला आणि म्हणाले, "बंद आहे का इंजिन?" चालू होतं.

यॉट म्हटलं की लोकांना गालिचे आणि झुंबरं दिसतात. पण बोटीतला निम्मा आराम अशा गोष्टींत असतो ज्या बघणाऱ्याला दिसतच नाहीत. टेबलांना आणि फळ्यांना बोटभर उंचीची कड, पेला घसरू नये म्हणून. दारांच्या मागं पितळी आकडे, लाटेवर दार आपटू नये म्हणून. खण ओढून उघडत नाहीत, आधी जरा वर उचलावे लागतात, नाहीतर बोट कलली की सगळे खण आपोआप बाहेर येतील. बोळातल्या भिंतीला कमरेच्या उंचीवर धरायला लाकडी दांडी. बाहेरच्या दारांना उंच उंबरा, पाणी आत येऊ नये म्हणून. कुठंही टोकदार कोपरा नाही. जमिनीलगत मंद दिवे, म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघर सापडावं म्हणून.

म्हाताऱ्या म्हणजे शेठच्या आई. पाय सोडून बसलं की त्यांचे पाय सुजायचे. त्या मांडी घालूनच बसत. अशा बोटींतली आसनं अरुंद असतात, ती खुर्चीत बसणाऱ्या माणसांसाठी केलेली असतात. मी मागच्या डेकवरची बैठक खोल केली, पुढून जरा बुटकी, पाठीला कलती, आणि मांडी घातल्यावर गुडघा टेकेल तिथं गादी किंचित उचललेली. त्यासाठी बोळाची रुंदी कमी करावी लागली. साहेब माझ्याशी पुष्कळ भांडले. मग एकदा शेठच्या आई कच्च्या फळ्यांच्या नमुन्यावर येऊन बसल्या आणि उठेचनात. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "ही बोट पाण्यात गेली की पुढची तुझी," ते म्हणाले. "आतलं-बाहेरचं सगळं. तुझ्या नावानं."

पुढची बोट माझ्या नावानं. हे मी पहिल्यांदा दादांना फोन करून सांगितलं आणि दुसऱ्यांदा सरांना. सर म्हणाले, "गुरुपौर्णिमेला कागद घेऊन ये."

शेठची एक अट होती. आपल्या बोटीसारखं आतलं काम दुसरीकडं कुठं दिसता कामा नये. त्यामुळं कागद यार्डाबाहेर नेण्याआधी मी साहेबांना विचारलं. गुरूला दाखवायचे म्हटल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. "दाखव," म्हणाले. "पण गुंडाळी जशी गेली तशी परत आण."

सर तेव्हा निवृत्त झाले होते. ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही सगळे कागद पसरले. सरांनी प्रत्येक रेघेवर बोट ठेवून विचारलं. ही कड कशाला? हा उंबरा एवढा का? हे खण असे का? मी सांगत गेलो. मला सातवीतला तो दिवस आठवत होता. भैया चहा घेऊन आला, तोही उकिडवा बसला. तो आता बांधकामाची कंत्राटं घ्यायचा.

"हे समदं तू काढलंस? एकट्यानं?"

"व्हय."

"भारी हाय राव," तो म्हणाला आणि बैठकीचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

सरांनी प्रत्येक कागदावर तांबडा ठिपका दिला. एकही चूक काढली नाही. मी कागद गुंडाळायला लागलो तसे ते म्हणाले, "राहू दे आठ दिवस. आता नजर मंद झालीय, सावकाश बघतो."

मी ठेवून गेलो. इथं बाहेरचा कुणी म्हणेल, नाही का म्हणाला नाहीस? साहेबांचा शब्द सांगायचास. पण ज्या माणसानं रानात येऊन आपल्याला मागून घेतलं, त्याच्यापुढं कागद गुंडाळून काखेत मारायचे, ही गोष्ट माझ्या हातून होण्यासारखी नव्हती. 'परत कधी देता' असं विचारणं तर त्याहून अवघड. साहेबांनी यार्डात मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, सर बघतायत. पावसाळा सरता सरता गुंडाळी एसटीच्या पार्सलनं आली. सगळे कागद होते.

हिवाळ्यात बोट पाण्यात गेली. पुढच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला मी गावी आलो. लग्न तेरच्या रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयात होतं. तेच चुलते मला म्हणाले, "आता तुझी चेष्टा न्हाय करता यायची. कार्यालय बी बोटीचंच हाय. लई झ्याक बांधलंय, बघच."

टेम्पोतून उतरलो आणि समोर ती उभी होती. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं आणि मध्ये सिमेंटची यॉट. पुढचं टोक सरळ उभं, मागं पेल्यासारखी गोल, कमरेपर्यंत निळी, वर सायीच्या रंगाचं धुरांडं. तोंड धाराशिवकडं, पाठ तेरकडं. वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून पोरं फोटो काढत होती.

"बोट कवा सुटतीय?" कुणीतरी ओरडलं.

"तेरणेला पूर आला की!" चुलत्यांनी उत्तर दिलं आणि सगळे हसले. मीही हसलो. खरंच हसलो. बाहेरून बोटीचा आकार काय, कुणीही फोटो बघून काढतं. मला उलट बरं वाटलं, की आपल्याकडंही हौस आली.

मग दारात एक म्हातारे ठेचकाळले. "कुणा येड्यानं हितं एवढा उंबरा घातलाय रं?" मी खाली पाहिलं. रानात, जिथं दाराशी पाण्याची लाट येण्याचं काही कारण नाही, तिथं तो उंबरा होता. त्याच उंचीचा. आतल्या बोळात भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडी होती आणि तिच्यावर झेंडूच्या माळा आणि वाजंत्र्यांचे टॉवेल वाळत घातले होते. जेवणाच्या टेबलांना बोटभर कड होती. वाढपी पुसताना वैतागून कडेत अडकलेला भात बोटानं काढत होता. प्रत्येक दारामागं आकडा होता.

नवरीच्या खोलीत नवरीची मावशी एक खण उघडायचा म्हणून भिंतीला पाय लावून ओढत होती. "फुगलं का काय लाकूड! दागिने अडकलेत की ओ आत."

मी पुढं झालो, खण जरासा उचलला आणि ओढला. उघडला.

"आगं बाई! तुमाला कसं जमलं?"

हेलकावा न खाणाऱ्या इमारतीत असा खण कुणी करत नाही. ज्यानं केला त्याला तो का तसा आहे हे माहीत नव्हतं, त्यानं फक्त कागद पाहिला होता. माझा कागद.

मागच्या बाजूला, छताखाली, ती बैठक होती. तिथं बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यात माझी आई होती. मला पाहून ती म्हणाली, "ये रं, बस. हितं लई बरं वाटतंय बसाया. गुडघा बी दुखत न्हाय." मी बसलो नाही.

अक्षता पडल्यावर मंडपात माइकवरून सत्कार सुरू झाले. कार्यालयाचे मालक उठले, सरांना शाल घातली, आणि ही वास्तू ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली ते सरांचे चिरंजीव म्हणून भैयाला फेटा बांधला. टाळ्या झाल्या. सरांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी हातानं मला बोलावलं. मला वाटलं, आता सांगतील.

"हा पण माझाच विद्यार्थी," ते शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले. "धनगराचं पोर, मी शिकवलं. कोकणात बोटींवर काम करतो. आमच्या मुलाला यानं थोडी मापंबिपं सांगितली."

"व्हय का? बरं केलं बाबा," पाहुणे मला म्हणाले.

माझे हात सवयीनं सरांच्या पायांकडं गेले होते. नमस्कार करून मी उभा राहिलो, तेव्हा सर दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते.

टेम्पोतून परत येताना मी आईला सांगितलं, तू बसलीस ती बैठक मी काढलीय. समदं आतलं मी काढलंय.

"मग तुझं नाव का घेतलं न्हाय कुणी?"

दादा पुढं बसले होते. ते वळून पाहणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी पाहिलंही नाही.

लग्नाचे व्हिडिओ सगळीकडं जातात. हाही गेला आणि फिरत फिरत शेठच्या फोनवर पोचला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून फोन पुढं केला.

"ही बैठक ओळखतोस?"

मी सगळं सांगितलं. साहेब ऐकून घेतात, रागावत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "माझा विश्वास आहे. पण शेठ म्हणतायत तू कागद विकलेस. तुझ्या सरांना मला एक फोन करायला सांग. कागद बघायला ठेवले होते, तुला न विचारता वापरले, एवढंच. मी शेठना समजावतो. मग पुढची बोट तुझीच. फोन आला नाही तर माझ्या हातात काही नाही."

एक फोन. मी रजा काढून धाराशिवला गेलो. जाताना मला खात्री होती. मंडपात चार लोकांत बोलणं वेगळं. घरात, ओसरीवर, सर माझ्याशी खोटं बोलणार नाहीत.

सर सतरंजीवर बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली. फोन नंबर लिहून आणला होता तो पुढं ठेवला. त्यांनी त्याकडं पाहिलं नाही.

"कागद तू आणलेस. मी मागितले नव्हते."

"तुम्ही घेऊन ये म्हणालात, सर. आणि आठ दिवस ठेव म्हणालात."

"आणि तू ठेवून गेलास. गुरुपौर्णिमेच्या दिवशी. गुरूच्या घरी त्या दिवशी ठेवलेली वस्तू परत मागतात का? तू मागितलीस का एकदा तरी?"

"नाही."

"मग. मी ती दक्षिणा धरली."

भैया दारात उभा होता. "तू बी उगं डोक्यात घेतलंस बघ. तुझी बोट पाण्यात, माझी रानात. दोघींची टक्कर हुणार हाय का कुठं?" तो हसला. मला वाटतं त्याला खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"भैया, माझं काम जाईल."

"जात न्हाय रं. एवढा शिकलेला तू."

मी पुन्हा सरांकडं वळलो. "सर, दोन वाक्यं आहेत. भैयाचं नाव नका घेऊ. फक्त म्हणा, की यानं विकले नाहीत."

सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मग दिले कुणी, असं विचारतील ना ते? पोराच्या विरुद्ध साक्ष द्यायला सांगतोस मला? अरे, तुलाही पोरासारखाच वागवला मी ह्या घरात."

तेही खरं होतं. ते खोटं असतं तर बरं झालं असतं. आतून काकूंचा आवाज आला, "ताट केलंय, जेवून जा." त्या बाहेर आल्या नाहीत. मी पाणी पिऊन निघालो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो. मला राग येत नव्हता. मी स्वतःला ज्या घरातला समजत होतो, तिथं माझं ताट शेजारी मांडत होते, एवढंच होतं. बाकीचं मी मनानं धरलं होतं.

साहेबांनी फोनची वाट पाहिली. मग त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. पुढची बोट पुण्याच्या एका मुलीला दिली. ती चांगलं काम करते, मन लावून करते. मी तिच्या फळ्यांची मापं काढून देतो. माझं नाव कुठं नाही. यार्डात कुणी मला चोर म्हणत नाही, पण कागदांच्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडं नसते.

ह्या वर्षी गुरुपौर्णिमेला मी गेलो नाही. आदल्या आठवड्यात सरांना पत्र पाठवलं. ते असं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. मी ह्या वर्षी येणार नाही. आजारी नाही, रजाही आहे. यायचं नाही म्हणून येत नाही. दुसरं कारण सांगून तुमच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

तुमचा फोन आला नाही. पुढची बोट दुसऱ्याला मिळाली. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो, कारण तुम्ही विचारणार नाही.

तुम्ही म्हणालात, 'मी ती दक्षिणा धरली.' ते कागद मी देऊ शकत नव्हतो, कारण त्यांवर शेठचा आणि साहेबांचाही हक्क होता. पण तुम्ही भैयासाठी काहीतरी मागितलं असतं, तर मी त्याला नवं कार्यालय काढून दिलं असतं. आपल्या उन्हाचं, आपल्या माणसांचं, ज्यात म्हातारी माणसं दारात पडली नसती. मनापासून काढलं असतं. त्यावर त्याचंच नाव घाल म्हणाला असतात, तर तेही घातलं असतं आणि कुणाला कधी सांगितलं नसतं. तुम्ही मागितलं नाहीत, ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मी नाही म्हणेन असं तुम्हाला वाटलं, की मला विचारायची गरजच वाटली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही मला शिकवलंत. रानात आलात, लिंबाखाली बसलात, पुण्याला सोडायला आलात. ते मी कुणालाही सांगताना कमी करून सांगत नाही आणि सांगणार नाही. पण माझं काम आता तुमच्यापुढं आणणार नाही. त्यावर ठिपका नसला तरी ते पुरं झालं, असं मानायची सवय मी करून घेतो आहे.

एक गोष्ट मात्र भैयाला सांगा. वरच्या मजल्यावरचा कठडा बोटीच्या मापाचा आहे. बोटीवर मोजकी माणसं असतात आणि ती जपून चालतात. लग्नात पोरं पळतात. मोठ्या माणसाच्याही तो मांडीपर्यंतच येतो, तो छातीपर्यंत न्यायला हवा. मधल्या उभ्या गजांतलं अंतरही कमी करा, लहान मुलाचं डोकं जाईल इतकं ते आहे. सुतार बोलवू नका, लोखंडाचं करा. तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय मोकळंच असेल. तेवढ्यात होईल.

काकूंना नमस्कार सांगा.

आपला विद्यार्थी